कारखाना आणि वर्ग यांच्यातील दुरावा : मुंबई इलाख्यातील कुशल कामगार व अभियंते यांच्या टंचाईचा ऐतिहासिक अभ्यास (१८५४ ते १९६१)

प्रस्तावना :

'उद्योगांना कुशल माणसे मिळत नाहीत' ही तक्रार आपल्या परिचयाची आहे. औद्योगिक वसाहतींतील उद्योजक ती बोलून दाखवितात, शासकीय धोरणांच्या प्रास्ताविकात ती आढळते आणि महाविद्यालयांच्या मूल्यमापनातही तिचे पडसाद उमटतात. त्याच वेळी पदवी व पदविका घेतलेले असंख्य तरुण कामाच्या शोधात फिरताना दिसतात. एकीकडे माणसांची उणीव आणि दुसरीकडे माणसांना कामाची उणीव, असा हा विरोधाभास आहे. तो अलीकडच्या काळातील आहे असा सर्वसाधारण समज असला, तरी महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाकडे पाहिल्यास तो आपल्या पहिल्या कापड गिरणीइतकाच जुना असल्याचे दिसून येते.

प्रस्तुत निबंधात १८५४ ते १९६१ या कालखंडात मुंबई इलाख्यात आणि त्याच्याशी निगडित प्रदेशात कुशल कामगार व अभियंते यांची टंचाई कशी निर्माण झाली आणि ती दूर करण्याचे कोणते प्रयत्न झाले, याचा आढावा घेतला आहे. पुण्यातील अभियांत्रिकी शिक्षणाचा आरंभ आणि मुंबईतील पहिल्या कापड गिरणीच्या कंपनीची स्थापना या दोन्ही घटना १८५४ सालातील असल्याने हे वर्ष आरंभबिंदू मानले आहे. शिकाऊ उमेदवारीला कायद्याचे अधिष्ठान देणारा अधिनियम १९६१ मध्ये संमत झाला, म्हणून ते वर्ष अखेरची मर्यादा म्हणून स्वीकारले आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. मुंबई इलाख्यातील तंत्रशिक्षणाच्या आरंभामागील हेतू स्पष्ट करणे.
२. कुशल मनुष्यबळाच्या टंचाईमागील सामाजिक व आर्थिक कारणांचा शोध घेणे.
३. ही टंचाई दूर करण्यासाठी झालेल्या शासकीय व खाजगी प्रयत्नांची तुलना करणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून शासकीय आयोगांचे अहवाल, संस्थांचे इतिहास व उद्योजकांची चरित्रे यांतून उपलब्ध असलेल्या माहितीचा आधार घेतला आहे.

दोन स्वतंत्र प्रवाहांचा आरंभ :

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी आगगाडी धावली. पुढील वर्षी कावसजी नानाभाई दावर यांनी बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथील तिच्या गिरणीत सूतकताईस प्रारंभ झाला. याच १८५४ साली पुण्यात 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' ही शाळा सुरू झाली. या घटना एकाच काळातील असल्यामुळे गिरणीला लागणारी माणसे पुण्याची शाळा पुरवीत असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती मात्र निराळी होती.

पुण्यातील शाळेचा हेतू सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम दर्जाचे अधिकारी पुरविणे हा होता. रस्ते, इमारती, कालवे आणि लोहमार्ग यांच्या कामावर देखरेख करणारी, मोजणी व नकाशे जाणणारी माणसे सरकारला हवी होती. गंगा कालव्याच्या कामासाठी १८४७ मध्ये रुरकी येथे स्थापन झालेल्या महाविद्यालयामागेही हीच गरज होती. १८६६ मध्ये पुण्याची संस्था मुंबई विद्यापीठाशी संलग्न होऊन 'पूना सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेज' या नावाने ओळखली जाऊ लागली. या नावातील 'सिव्हिल' हा शब्द संस्थेची दिशा दाखवितो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्यासारखा श्रेष्ठ अभियंता १८८३ मध्ये येथूनच उत्तीर्ण झाला आणि मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाला. या परंपरेचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु यंत्र अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम पुण्यात सुरू होण्यास विसाव्या शतकाचे दुसरे दशक उजाडावे लागले. तोपर्यंत मुंबईत गिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहून अर्धशतक लोटले होते.

गिरणी उद्योगाने आपली गरज वेगळ्या मार्गाने भागविली. यंत्रे लँकेशायरमधून आली आणि ती चालविणारे व्यवस्थापक, अभियंते व कताई-विणकामाचे मास्तर यांपैकी अनेकजण तेथूनच आले. सर्वसाधारण कामगार कोकणातून व घाटावरून येत असे. त्याची भरती आणि त्याचे शिक्षण या दोन्ही गोष्टी जॉबरच्या हाती होत्या. नवा माणूस बदली म्हणून खात्यात येई, भाऊबंदाच्या किंवा गाववाल्याच्या शेजारी उभा राहून हात बसवून घेई आणि जागा रिकामी झाली की कायम होई. या पद्धतीमुळे मालकाला प्रशिक्षणावर स्वतंत्र खर्च करावा लागत नव्हता. मात्र अशा प्रकारे तयार झालेला कामगार एक यंत्र चालवू शके. ते यंत्र तसे का चालते, हे त्याला कोणी शिकविले नव्हते. जे शिकविले जात होते ते पुण्यात, इंग्रजीतून आणि निराळ्या वर्गातील तरुणांना. अशा रीतीने ज्ञान आणि कौशल्य हे दोन प्रवाह प्रारंभापासूनच वेगवेगळे वाहू लागले.

व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था आणि कलाभवन :

ही उणीव त्या काळच्या विचारवंतांच्या लक्षात आली नव्हती असे नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरली. शेतीवरील भार कमी करण्यासाठी उद्योगांची वाढ आवश्यक आहे हा विचार रानडे यांनी सातत्याने मांडला. तंत्रशिक्षणाची मागणी ही या विचाराची स्वाभाविक परिणती होती.

त्यापूर्वी १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट (सध्याची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था) स्थापन झाली. गिरणीमालक सर दिनशा पेटिट यांचे तिला मोठे साहाय्य लाभले. वस्त्रनिर्मिती व यंत्र अभियांत्रिकी यांचे शिक्षण उद्योगाच्या मध्यवर्ती ठिकाणी देणारी ही संस्था म्हणजे कारखाना व वर्ग जवळ आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न होय. १९२३ मध्ये ती भायखळ्याहून माटुंग्यास आली. गिरण्यांतील परदेशी तंत्रज्ञांची जागा हळूहळू भारतीयांनी घेतली, त्यात या संस्थेच्या विद्यार्थ्यांचा वाटा लक्षणीय होता. परंतु येथून बाहेर पडणारा विद्यार्थी पर्यवेक्षक होण्याच्या आकांक्षेने येत असे. यंत्रावर उभ्या असलेल्या कामगारापर्यंत तिचा प्रभाव फारसा पोहोचला नाही.

बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखाली १८९० मध्ये सुरू झालेल्या कलाभवनाची दृष्टी याहून वेगळी होती. त्याचे प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा जन्म परंपरागत सुतारकाम करणाऱ्या समाजात झाला होता. कारागिराला तंत्रज्ञान द्यायचे असेल तर ते त्याच्या भाषेत दिले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. कलाभवनात रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम अशा विषयांचे शिक्षण देशी भाषेतून देण्याची व्यवस्था करण्यात आली. त्यासाठी तांत्रिक ग्रंथ व परिभाषा तयार करण्याचे कामही हाती घेतले गेले. दादासाहेब फाळके यांनी येथे छायाचित्रणाचे व संबंधित कलांचे शिक्षण घेतले, हे सर्वश्रुत आहे. १९०७ मध्ये अलेंबिक या रासायनिक उद्योगाची पायाभरणी करण्यात गज्जर यांच्यासमवेत कोटिभास्कर व अमीन या त्यांच्या शिष्यांचा सहभाग होता. प्रयोगशाळेतून कारखाना निर्माण झाल्याचे हे त्या काळातील दुर्मिळ उदाहरण आहे. तथापि गज्जर स्वतः १८९६ मध्ये बडोदे सोडून गेले आणि देशी भाषेतून तंत्रशिक्षण देण्याचा हा प्रयोग ब्रिटिश मुलखात मूळ धरू शकला नाही.

बंद असलेली दारे :

टंचाईचा विचार करताना 'माणसे नव्हती' असे म्हणण्यापूर्वी 'कोणत्या माणसांना आत येऊ दिले गेले' हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. या बाबतीत दोन उदाहरणे पुरेशी बोलकी आहेत.

पहिले उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे. यांत्रिक रेखाचित्रणाची विलक्षण जाण असलेले लक्ष्मणराव व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत साहाय्यक शिक्षक होते. बढतीची संधी आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन व्यक्तीस देण्यात आली. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. वसाहतकालीन व्यवस्थेत वरची तांत्रिक पदे बहुतांशी युरोपीय व अँग्लो-इंडियन यांच्यासाठी राखलेली असत. रेल्वेच्या कार्यशाळांतही हीच परिस्थिती होती. सक्षम भारतीय उपलब्ध असतानाही 'सक्षम भारतीय मिळत नाहीत' हे विधान केले जात होते.

दुसरे उदाहरण परकीय सत्तेने नव्हे, तर आपल्याच समाजाने बंद केलेल्या दाराचे आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यातील मजुरी तुलनेने अधिक होती. त्या काळच्या मागावर कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. या क्रियेत विटाळ होतो, असे कारण पुढे करून अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नाकारला जात असे. ते रिंग खात्यासारख्या कमी मजुरीच्या कामावरच राहिले. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न ठामपणे उपस्थित केला. काम करण्याची इच्छा व क्षमता असलेला माणूस खात्याच्या दाराबाहेर उभा ठेवायचा आणि कुशल विणकर मिळत नाहीत म्हणायचे, ही विसंगती त्यामुळे उघड झाली. स्त्रियांची स्थितीही फारशी निराळी नव्हती. त्या प्रामुख्याने कांड्या भरणे व रिळे गुंडाळणे या खात्यांत नाईकिणीच्या देखरेखीखाली काम करीत आणि तंत्रशिक्षणाच्या संस्थांत त्यांना जवळजवळ स्थान नव्हते.

किर्लोस्करवाडीचा धडा :

बेळगावातील सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर व कडबा कापण्याची यंत्रे तयार केली. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळरानावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडीची वसाहत उभी राहिली. तेथे जवळपास ना अभियांत्रिकी महाविद्यालय होते, ना कुशल कामगारांची वस्ती. आजच्या परिभाषेत सांगायचे तर 'मनुष्यबळ उपलब्ध नसलेले ठिकाण' म्हणून कोणीही ते नाकारले असते.

लक्ष्मणरावांनी आसपासच्या खेड्यांतील तरुणांना ओतकाम, घडाई व जोडकाम शिकविले. शाळेत फारशी प्रगती न केलेली, पदवी नसलेली माणसे कारखान्यात जबाबदारीच्या जागी पोहोचली. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्यांनाही त्यांनी वसाहतीत काम व विश्वास दिला. मालक स्वतः लेथवर काम करणारा असल्याने हाताने काम करण्यास तेथे कमीपणा नव्हता. दुसऱ्या पिढीने उच्च तंत्रशिक्षणाची जोडही दिली. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथून १९२६ मध्ये पदवी घेतली आणि ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात परतले. येथे कारखाना हीच शाळा होती आणि शिकविण्याचा खर्च हा उत्पादनाच्या खर्चाचाच एक भाग मानला गेला होता.

याच सुमारास टाटा समूहाने साकची (जमशेदपूर) येथे पोलाद कारखाना उभारला. १९१२ मध्ये तेथे पोलादाचे उत्पादन सुरू झाले ते करारावर आणलेल्या परदेशी तंत्रज्ञांच्या साहाय्याने. त्यांच्या जागी भारतीय तयार व्हावेत म्हणून १९२१ मध्ये कंपनीने जमशेदपूर टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू केली. भट्टीच्या शेजारी वर्ग भरविण्याच्या या धोरणामुळे परदेशी तंत्रज्ञांवरील अवलंबन क्रमाक्रमाने कमी झाले. किर्लोस्करवाडी लहान आणि जमशेदपूर प्रचंड, परंतु दोन्ही ठिकाणी शिक्षणाची जबाबदारी उद्योगाने स्वतः उचलली होती.

आयोगांचे निदान :

शासनाला या प्रश्नाचे स्वरूप कळले नव्हते असे म्हणता येत नाही. १९१२ मध्ये रुरकी महाविद्यालयाचे प्राचार्य लेफ्टनंट कर्नल ॲटकिन्सन आणि व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेचे प्राचार्य डॉसन यांनी एक चौकशी केली. तांत्रिक संस्था आणि कामगार नेमणारे मालक यांच्यात अधिक निकटचे व व्यवहार्य संबंध कसे निर्माण करावेत, हाच या चौकशीचा विषय होता. १९१२ साली या विषयावर स्वतंत्र चौकशी करावी लागली, यातच दुराव्याची कबुली आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात यंत्रांची व सुट्या भागांची आयात विस्कळीत झाली आणि भारतीय उद्योगांचे परावलंबन स्पष्ट झाले. १९१६ मध्ये सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय औद्योगिक आयोग नेमण्यात आला व १९१८ मध्ये त्याचा अहवाल आला. पंडित मदनमोहन मालवीय यांनी त्यास स्वतंत्र टिपणी जोडली. यंत्रकामासारख्या हस्तकौशल्यप्रधान उद्योगांचे शिक्षण मुळात कारखान्यात व्हावे आणि सैद्धांतिक वर्ग त्याला जोडलेले असावेत, असे आयोगाचे प्रतिपादन होते. रासायनिक उद्योगांसारख्या प्रक्रियाप्रधान उद्योगांसाठी मात्र संस्थेतील शिक्षण अधिक उपयुक्त ठरेल, असे त्याचे मत होते. कारागिराचे आणि अभियंत्याचे शिक्षण उद्योगाच्या स्वरूपानुसार ठरले पाहिजे, हा विचार आजही मार्गदर्शक आहे. त्यानंतर १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारने तांत्रिक व औद्योगिक शिक्षणाच्या विचारासाठी विश्वेश्वरय्या यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निदान वारंवार झाले, परंतु उपचारासाठी लागणारा पैसा आणि मालकांवरील बंधन यांचा अभाव राहिला.

युद्धकाळ आणि स्वातंत्र्योत्तर व्यवस्था :

दुसऱ्या महायुद्धाने हे चित्र वेगाने बदलले. शस्त्रास्त्र कारखान्यांना व सैन्याच्या तांत्रिक विभागांना जोडारी, कातारी, संधाते व वीजतंत्री तातडीने हवे होते. १९४० मध्ये भारत सरकारने तांत्रिक प्रशिक्षण योजना सुरू केली. ब्रिटनचे कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेखाली १९४१ पासून भारतीय तरुणांच्या तुकड्या इंग्लंडमधील कारखान्यांत शिकण्यासाठी पाठविल्या गेल्या. शतकभर 'वेळ लागेल' असे सांगितले जाणारे काम निकड निर्माण होताच काही महिन्यांत होऊ शकते, हे यातून सिद्ध झाले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. आंबेडकर यांच्याकडे होते आणि ही प्रशिक्षण योजना याच खात्याच्या अखत्यारीत होती. विणकाम खात्याच्या बंद दाराचा प्रश्न १९२८ मध्ये मांडणारी व्यक्तीच पुढे देशातील तांत्रिक प्रशिक्षणाची धुरा वाहत होती, हा इतिहासातील अर्थपूर्ण योग म्हटला पाहिजे.

युद्धानंतरच्या पुनर्रचनेत दोन मार्ग आखले गेले. नलिनी रंजन सरकार यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ च्या अंतरिम अहवालात देशाच्या चार विभागांत उच्च तांत्रिक संस्था स्थापण्याची शिफारस केली. तिच्यातून १९५१ मध्ये खरगपूर व १९५८ मध्ये मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था निर्माण झाली. सांगलीसारख्या ठिकाणीही १९४७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. दुसरा मार्ग कारागिरांचा. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू होऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे विणण्यास प्रारंभ झाला व १९५६ मध्ये त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे सोपविण्यात आला. यामुळे जातीने ठरणारे कौशल्य निदान तत्त्वतः सर्वांना खुले झाले, ही या योजनेची ऐतिहासिक कामगिरी होय.

तथापि उच्च संस्था एका खात्याकडे आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था दुसऱ्या खात्याकडे, अशी विभागणी झाल्याने १८५४ मधील दोन प्रवाह स्वतंत्र भारतातही समांतरच राहिले. जोडाऱ्याला अभियंता होण्याची वाट अत्यंत अरुंद होती आणि अभियंत्याला जोडाऱ्याच्या कामाचा परिचय औपचारिकतेपुरता होता. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने कारखानदारांवर उमेदवार घेण्याचे बंधन प्रथमच घातले. आरंभी हा कायदा कारागिरांच्या व्यवसायांपुरता मर्यादित होता. पदवी व पदविकाधारक अभियंत्यांचा समावेश होण्यास १९७३ ची दुरुस्ती व्हावी लागली. हॉलंड आयोगाने १९१८ मध्ये सुचविलेली दिशा कायद्यात उतरण्यास चार दशकांहून अधिक काळ गेला.

निष्कर्ष :

१. मुंबई इलाख्यातील तंत्रशिक्षण प्रशासनाच्या गरजेतून जन्मले. उद्योगाची गरज त्यानंतर आणि अंशतःच विचारात घेतली गेली.
२. कुशल मनुष्यबळाची टंचाई ही केवळ संख्येची टंचाई नव्हती. वंश, जात व लिंग यांच्या आधारे मोठ्या समूहांना कौशल्यापासून दूर ठेवल्याने ती तीव्र झाली.
३. उद्योगाने प्रशिक्षणाचा भार स्वतः उचलला तेथे, म्हणजे किर्लोस्करवाडी व जमशेदपूर येथे, स्थानिक माणसांतून कुशल कामगार निर्माण झाले.
४. कलाभवनाचा अपवाद वगळता कारागिराच्या भाषेचा विचार तंत्रशिक्षणाने गांभीर्याने केला नाही.

समारोप :

१९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि पदवीधरांची संख्या झपाट्याने वाढली. टंचाईची तक्रार मात्र थांबली नाही. वरील इतिहास लक्षात घेतल्यास याचे आश्चर्य वाटू नये. जागा वाढविणे हे शासनाला व संस्थांना तुलनेने सोपे आहे. वर्गातील विद्यार्थ्याला यंत्रासमोर आणि यंत्रासमोरील कामगाराला वर्गात आणणे हे अवघड आहे, कारण त्यासाठी मालकाला खर्च, अध्यापकाला स्वतःच्या सवयी आणि समाजाला हाताच्या कामाविषयीचा कमीपणा सोडावा लागतो.

आपण अध्यापक या नात्याने विद्यार्थ्यांना कारखान्यातील एक दिवसाच्या भेटीस नेतो, अहवाल लिहून घेतो आणि त्यास उद्योगाशी संपर्क असे नाव देतो. ॲटकिन्सन व डॉसन यांनी १९१२ मध्ये जो प्रश्न हाती घेतला होता, तो अशा भेटींनी सुटणारा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना एका संस्थेच्या वर्गाने सामावून घेतले नाही आणि त्यांनी माळरानावर स्वतःची शाळा उभी केली. असा माणूस आज आपल्या वर्गात बसलेला असेल, तर तो आपल्याला ओळखता येईल का, हा प्रश्न प्रत्येक महाविद्यालयाने स्वतःस विचारावयास हवा.